धावणार तू, पैसे मी?

"म्हणजे धावणार तू आणि पैसे मी द्यायचे?"

लिफ्टचं दार पायाने अडवून धरत शेजारच्या काकांनी विचारलं. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. सामाजिक संस्थेमार्फत चॅरिटी बिब, म्हणजे छातीवर लावायचा धावपटूचा क्रमांक घेतला, की त्या संस्थेला ठरलेली रक्कम जमवून द्यावी लागते. माझी संस्था वस्तीतल्या मुलांच्या बालवाड्या चालवते. सांगायचं होतं ते एवढंच.

"हो काका. मुलांसाठी आहे."

"आणि मध्येच थांबलास तर पैसे परत?"

"नाही. मुलांना तरी लागणारच ना."

"मग धावतोस कशाला?"

याचं उत्तर संस्थेच्या माहितीपत्रकात नाही.

"बरं, किलोमीटर किती?"

"एकवीस. हाफ मॅरेथॉन."

"अर्धीच?" काकांचा चेहरा उजळला. "मग ५०१ कसले, २५१ घे. करसवलतीची ८०जीची पावती मिळेल ना?"

"मिळेल. पॅन द्या."

"पॅन? छे! हल्ली फसवाफसवी फार."

"आधार चालेल."

"आधार तर मुळीच नाही."

असा काही ओळख क्रमांक असल्याशिवाय संस्थेला देणगी आयकर खात्याकडे नोंदवता येत नाही, आणि नोंद नाही तर सवलतीसाठी लागणारं १०बीई हे देणगीचं प्रमाणपत्र नाही. बरं, करपात्र उत्पन्नातून वजावट साधारण निम्म्या रकमेची. २५१चे निम्मे १२५ रुपये ५० पैसे. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेस धरून कर वाचतो ३९ रुपये. त्या ३९ रुपयांसाठी लिफ्ट अडलेली आणि चौथ्या मजल्यावरच्या काकू वरून ओरडतायत. हेच काका गणपतीच्या डीजेला पाच हजार देतात, तेव्हा पावतीवरचं आडनाव तेवढं तपासतात. राग आला, तो याचा.

त्यामानाने धावणं सरळ. आठवड्याचं अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही. बूट अर्धा नंबर मोठा, कारण पळताना पाय सुजतात आणि बोट पुढे आपटून नख काळं पडतं. मांड्यांच्या आत आणि काखेत व्हॅसलीन. खरा वैरी म्हणजे संस्थेचा टी-शर्ट. छातीभर रबरी छपाईचा लोगो, त्यातून घाम सुटत नाही. ओलं कापड घासत राहतं आणि अर्ध्या वाटेत स्तनाग्रांतून रक्त येतं. लोगोखाली लिहिलेलं असतं, 'हसत धावा'. आधीच दोन चिकटपट्ट्या लावून ठेवाव्यात; छातीवर केस असतील तर त्या काढतानाचे हाल वेगळे. बिबला चारही कोपऱ्यांत पिना लावायच्या, मागच्या टायमिंग चिपला घडी पडू द्यायची नाही. वाटेतला पेडर रोडचा चढ नेमका मांड्यांनी हात टेकल्यावर येतो. पण तो चढ निदान पावती मागत नाही.

शेवटी काकांनी पॅन सांगितला. कानात, एकेक अक्षर, मध्येच वॉचमनकडे संशयाने बघत. २५१ यूपीआयने थेट संस्थेच्या खात्यात गेले.

"प्रमाणपत्र कधी?"

"आर्थिक वर्ष संपल्यावर, मेअखेरपर्यंत."

"चालेल, रिटर्नच्या आत येतंय. यंदापासून मी नव्या करप्रणालीत आहे, तिथे सगळं सोपं."

"काका, नव्या प्रणालीत ८०जीची वजावट नसते."

काकांनी दारातला पाय काढून घेतला.

"मग कॅन्सल कर."