एकूण शून्य

आमच्या ऑफिसातला खर्चाचा फॉर्म वर्डमध्ये आहे. हिशेबाचा फॉर्म एक्सेलमध्ये का नाही, असं जो विचारतो त्याच्याच गळ्यात तो दुरुस्तीसाठी पडतो. मी विचारलं होतं.

तक्रार अशी, की नग आणि दर भरले तरी एकूणच्या चौकटीत शून्य ठाण मांडून बसतं. फॉर्म संरक्षित, म्हणजे चौकटी सोडून बाकी सगळं कुलूपबंद, त्यामुळे हिशेब ताजा करणारं एफ-नाइन दाबून उपयोग नाही. फील्डच्या, म्हणजे भरायच्या चौकटीच्या, प्रॉपर्टीजमध्ये 'कॅल्क्युलेट ऑन एक्झिट' अशी एक टिक असते. ती केली की टॅब दाबून चौकटीबाहेर पडल्यावर गुणाकार होतो. म्हणजे तुम्ही समोर आहात तोवर वर्ड काही करणार नाही, पाठ फिरवलीत की करेल. (अशी माणसंही पाहिली आहेत. त्यांना टिक करायची सोय नसते.)

खालच्या ओळी पहिलीवरून कॉपी-पेस्ट केलेल्या. सूत्र चौकटीला तिच्या बुकमार्कच्या नावाने ओळखतं आणि पेस्ट केलेल्या फील्डला ते नाव मिळत नाही, त्यामुळे सूत्र ज्याला हाका मारतं तो घरातच नाही. नावं दिली. तरी फॉर्मचं समाधान होईना, म्हणून मॅक्रो, म्हणजे वर्डकडून काम करून घेणारा छोटा प्रोग्राम, लिहायला घेतला.

व्हीबीए या मॅक्रोच्या भाषेतलं 'व्हॅल' फंक्शन मजकुरातून आकडा काढून देतं, पण स्वल्पविराम दिसला की तिथेच वाचन थांबवतं. म्हणजे १,२५० गुणिले ४ बरोबर ४. पैसे देणाऱ्या खात्याला हा हिशेब मनापासून आवडला असता. मग त्याच कामाचं दुसरं फंक्शन, 'सी-डबल', आणलं. त्याला स्वल्पविराम चालतो, पण रिकामी चौकट दिसली की 'टाइप मिसमॅच', एरर १३, काम बंद. रिकामं असेल तर शून्य धर, नाहीतर सी-डबलकडे जा, असा एक 'इफ' मध्ये घातला तेव्हा कुठे तंटा मिटला.

शिवाय फॉर्मचं कुलूप काढून परत लावताना 'नो-रिसेट' या पर्यायाला 'ट्रू', म्हणजे हो, म्हणावं लागतं. नाही म्हटलं तर भरलेलं सगळं पुसलं जातं. त्यानंतरचा गुणाकार मात्र बिनचूक येतो, शून्य गुणिले शून्य वर्डला पाठ आहे.

अखेर फॉर्म चालू झाला. पहिलाच भरून आला त्यात नगाच्या चौकटीत लिहिलं होतं, 'दोन, जमल्यास तीन'. सी-डबलने तत्काळ एरर १३ दिली, आणि पहिल्यांदाच मला तिचं पटलं.