कराटे शेतकऱ्यांनी शोधले?

कराटेविषयी एक मजकूर नेहमी फिरत असतो. १६०९ मध्ये जपानच्या सत्सुमा संस्थानाने ओकिनावा जिंकून शस्त्रबंदी केली. तेव्हा निःशस्त्र शेतकऱ्यांनी सामुराईंचे चिलखत मुठीने फोडण्यासाठी कराटे शोधले, पाण्याच्या कावडीची काठी ‘बो’ (लढण्याची लांब काठी) म्हणून उचलली आणि घोडेस्वाराला पाडण्यासाठी उडत्या लाथा घडवल्या, असे त्यात म्हटलेले असते. गोष्ट रंगतदार आहे, पण तिच्यातले आक्रमणाचे साल सोडले तर फारसे काही टिकत नाही.

कराटेच्या ज्या जुन्या गुरूंची नावे आपल्याला ठाऊक आहेत, ते शेतकरी नव्हते. मात्सुमुरा सोकोन हे र्‍युक्यूच्या, म्हणजे ओकिनावाच्या राज्याच्या, राजाचे अंगरक्षक होते, तर त्यांचे शिष्य इतोसु आंको राजदरबारी लेखनिक होते. दिवसभर शेतात राबणाऱ्याला गुरूकडे वर्षानुवर्षे काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) घोटण्याची सवड कुठून मिळणार? शिवाय सत्सुमाचा रोख मुख्यतः बंदुकांवर होता. सरदार घराण्यांतल्या तलवारी सरसकट काढून घेतल्या गेल्या नाहीत. राहता राहिले चिलखत. शांततेच्या त्या काळात ते अंगावर चढवून रस्त्याने कोण हिंडत होते, हे तो मजकूर सांगत नाही.

कावडीचा दावा तर काठी हातात घेतली की गळून पडतो. बो सहा शाकू, म्हणजे सुमारे १८२ सेंटिमीटर लांब आणि गोल असतो, आणि दोन्ही टोकांकडे निमुळता होत जातो. कावडीची काठी खांद्यावर गरगर फिरू नये म्हणून चपटी हवी आणि दोर निसटू नये म्हणून टोकांना खाच हवी. निमुळत्या टोकावरून भरलेली घागर पहिल्या दहा पावलांतच खाली येईल. एकू हे शस्त्र म्हणजे वल्हे आणि कामा म्हणजे विळा, एवढे मात्र खरे. पण काठीचा प्रसिद्ध काता ‘साकुगावा नो कोन’ हा ज्या साकुगावांच्या नावाने ओळखला जातो, तेही पेचिन या अधिकारी वर्गातलेच होते.

मुळात हे तंत्र चिलखतधाऱ्याशी झुंजण्यासाठी नव्हतेच, हे तथाकथित ‘ब्लॉक’ही सांगतात. आपल्याकडच्या क्लासमध्येही ‘उके’ला सर्रास ब्लॉक म्हणतात, पण ‘उकेरु’ म्हणजे स्वीकारणे, झेलणे. गेदान बाराई हा खालच्या बाजूचा ‘ब्लॉक’ करताना एक मूठ विरुद्ध कानाशी जाते, दुसरा हात पुढे पसरतो, आणि मग पहिला हात खाली झाडला जात असतानाच दुसरा कमरेशी ओढला जातो. नुसती लाथ अडवायची असेल, तर हा दुसरा हात ओढायचा कशाला? त्यात प्रतिस्पर्ध्याचे मनगट आहे असे मानले की हालचालीचा अर्थ लागतो: मनगट धरून ओढायचे आणि ताणलेल्या हातावर कोपराच्या वर प्रहार करायचा. इतोसुंनी १९०८ च्या पत्रात, झेलणे, सुटका करणे आणि पकडणे यांविषयी पुष्कळ मौखिक शिकवण असल्याचे नमूद केले आहे. ही सगळी हातघाईची, मनगट हाती येईल इतक्या जवळची भाषा आहे.

उडत्या लाथांबद्दल इतकेच, की जुन्या ओकिनावन कातांतल्या बहुतेक लाथा कमरेच्या वर जात नाहीत.