बॅटरी गेलीय रे तुझी

चावी फिरवली की टकटकटकटक, आणि इंजिन ढिम्म. गवत गुडघ्याला लागायला आलेलं, ते कापायचा आमचा म्हातारा गार्डन ट्रॅक्टर त्याच्या बरोब्बर मधोमध उभा, आणि मी बॉनेट उघडून आत बघतोय. नुसतं बघून काही होतं अशातला भाग नाही, पण लांबून बघणाऱ्याला वाटतं माणूस कामात आहे. आणि लांबून बघणारे होतेच. शेजारचे काका, कुंपणावर कोपरं टेकून.

"बॅटरी गेलीय रे तुझी."

बंद पडलेल्या कुठल्याही वस्तूचं काकांचं हे एकच निदान. मागे माझं घड्याळ बंद पडलं होतं तेव्हाही हेच म्हणाले होते, आणि तेव्हा नेमकी खरंच बॅटरी गेली होती, तिथून हा सगळा आत्मविश्वास आलाय.

मी व्होल्ट मोजायचा मीटर लावून दाखवला. "काका, 12.6 दाखवतंय, फुल चार्ज आहे."

"मग मीटरची बॅटरी गेली असेल."

आता यावर काय बोलणार. आणि खरी लाजेची गोष्ट पुढेच आहे, मी दुसऱ्या दिवशी जाऊन नवीन बॅटरी आणली. मीटरवर विश्वास असून आणली. माणूस सतत एकच वाक्य ऐकत राहिला की त्याचं डोकं असंच होतं. नवीन बॅटरी बसवली, चावी फिरवली, टकटकटकटक. तोच ताल. काका म्हणाले, "नवीन पण खराब निघाली वाटतं. हल्ली काही भरवसा नाही." माझे पैसे गेले त्यावर अवाक्षर नाही.

खरं तर ही टकटक म्हणजे सॉलेनॉइडची, म्हणजे इंजिनला पहिला फेरा देणाऱ्या मोटरच्या, स्टार्टरच्या, स्विचची. चावीचा थोडासा करंट त्याच्या कॉइलला जातो, ते टक करून आतला जाड कॉन्टॅक्ट जोडतं, की स्टार्टर एकदम शंभर अँपिअरच्या घरात करंट ओढायला बघतो. वाटेत कुठे जोड खराब असेल तर सगळे व्होल्ट तिथेच मरतात, सॉलेनॉइडला धरून ठेवायलाही उरत नाहीत, ते सुटतं, सुटलं की व्होल्ट परत येतात, की परत टक. कमजोर बॅटरीतही अगदी हाच आवाज येतो, म्हणून लोक फसतात. आणि लोड नसताना मीटर 12.6 दाखवणारच, त्याला काय जातंय. खरं मोजायचं ते चावी फिरवलेली असताना.

इथे हात कमी पडतात. मीटरचे दोन टोक धरायला दोन हात बॉनेटखाली, चावी तिकडे स्टिअरिंगपाशी, आणि पायाने ब्रेकचं पेडल दाबलेलं हवं, नाहीतर सेफ्टी स्विच चावीचा करंट पुढे जाऊच देत नाही. पेडलला स्विच, पात्याच्या लिव्हरला स्विच, सीटखाली स्विच. पातं चालू ठेवून सीटवरून उठलात तर इंजिन बंद. फिरतं पातं आणि माणसाचा पाय यांच्यामधे ते स्विच उभे आहेत, हे मला पटतं, ते बायपास करणाऱ्यांना मी मूर्ख समजतो. पण ज्या कंपनीने माझ्यावर तीन-तीन ठिकाणी अविश्वास दाखवला तिने बॅटरीच्या निगेटिव्हची केबल फ्रेमला जोडणारा बोल्ट असा खाली चिखलाच्या वाटेवर का दिला, हे मला कोणी सांगेल का? स्टार्टरला जाणारा सगळा करंट त्या एका बोल्टावरून परत येतो!

असो. तर दुसरा माणूस हवा होता, आणि समोर काकाच होते. मी आधी स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला केली, म्हणजे चुकून इंजिन चालूच व्हायला नको, आणि म्हटलं, "काका, जरा सीटवर बसता का?"

ते कुंपणाला वळसा घालून आले आणि जे बसले ते मिरवणुकीतल्यासारखे. पाठ ताठ, एक हात स्टिअरिंगवर, दुसरा मांडीवर. आधी सीट पुढे-मागे करून बघितली. मग स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवलं. मग म्हणाले, "याला हॉर्न नाही?"

"काका, पेडल दाबा आणि मी सांगेन तेव्हाच चावी फिरवा."

"हो हो." टकटकटक.

"आत्ता नाही! मी अजून टोक लावलं नाहीये."

"बरं, सांग." मी एक टोक निगेटिव्हवर लावलं, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवलं, म्हटलं, "फिरवा." शांतता. "काका, फिरवा." "फिरवली की." "पेडल?" "अरे हो, पाय अवघडला म्हणून सोडला जरा." असं सहा वेळा. सातव्या वेळी पेडल, चावी, टोकं आणि माझे डोळे एका वेळी जागेवर आले आणि आकडा दिसला, 8 च्या वर उड्या मारत होता. जिथे अर्धा व्होल्टसुद्धा जास्त म्हणायचा तिथे 8! म्हणजे पॉझिटिव्हकडचं सगळं ठीक, गडबड परतीच्या वाटेत, त्याच बोल्टात.

बोल्ट वरून घट्ट. खोलला तर खाली नुसता गंज, आणि केबलच्या टोकाचं रबर सोललं तर आतली तांब्याची तार हिरवीगार होऊन भुगा झालेली. केबल बदलली, पॉलिश पेपरने फ्रेम पांढरी होईपर्यंत घासली, पॉझिटिव्ह आधी निगेटिव्ह शेवटी या क्रमाने सगळं जोडलं. काका पूर्ण वेळ सीटवरच. चावी फिरवली आणि स्टार्टर काय सुंदर फिरला म्हणून सांगू! फिरला, फिरला, फिरतच राहिला. इंजिन काही पेटेना. मला घाम. पेट्रोल बघितलं, चोक बघितला, कार्बोरेटरकडे संशयाने बघितलं, मनातल्या मनात सगळं इंजिन खोलून झालं.

"ही वायर कसली रे लोंबतेय?" काका सीटवरूनच वाकून म्हणाले.

प्लगची. मीच काढलेली.

लावली, पहिल्या चावीला चालू. आणि आता काका सगळ्यांना सांगत फिरतायत की दोन दिवस याला सापडेना, शेवटी मीच दाखवली. आणि वर, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, बॅटरीचाच प्रॉब्लेम." मी म्हटलं, काका, बॅटरी नाही हो, निगेटिव्हची केबल. तर म्हणे, "मग केबल कोणाची? बॅटरीचीच ना?"

संध्याकाळी मी जुनी बॅटरी पायरीवर ठेवली होती, परत करू की स्पेअर म्हणून ठेवू या विचारात. काका आले, उचलून वजन बघितलं. "तुला आता नकोच असेल ना ही? मी नेतो, गेटवरच्या दिव्याला होईल."

मी म्हटलं, "पण काका, ती तर गेलीय ना?"

"छे रे, फुल चार्ज आहे. तूच मोजलीस ना 12.6." निम्म्या वाटेवरून परत वळले. "तुझा चार्जर पण दे दोन दिवस."