‘आधीचे सिंथ शुद्ध अ‍ॅनालॉग’ म्हणे!

जुन्या सिंथेसायझरचा विषय निघाला की हे ठरलेलं: “१९८३मध्ये यामाहाचा डीएक्स-७ आला आणि सिंथमध्ये कॉम्प्युटर शिरला. त्याआधीचे सगळे शुद्ध अ‍ॅनालॉग, म्हणजे आकडे नाहीत, आवाज थेट विजेच्या चढउतारांतून. प्रोसेसर असलाच तर मेमरीपुरता, आवाजाशी त्याचा संबंध नाही.”

तारखांचा वाद लगेच मिटतो. १९७८च्या प्रॉफेट-५ या सिंथमध्ये झेड-८० हा प्रोसेसर होता. १९७९च्या ओबरहाइम ओबी-एक्समध्ये तोच, १९८१च्या रोलँड ज्युपिटर-८मध्येही तोच. मिनीमूगमध्ये प्रोसेसर नाही हे कबूल. पण तो १९७०चा आणि एका वेळी एकच सूर वाजवणारा. अनेक सूर एकदम वाजवायचे तर कोणती पट्टी दाबली, कोणता व्हॉइस (एक सूर वाजवणारं सर्किट) मोकळा आहे, हा हिशेब कुणीतरी ठेवायला हवाच.

आता ते ‘मेमरीपुरता’. प्रॉफेट-५चं ट्यून बटण दाबा. झेड-८० एकेका ऑसिलेटरची (मूळ सूर निर्माण करणाऱ्या सर्किटची) आवर्तनं मोजतो, सूर किती सरकलाय ते काढतो आणि तेवढी दुरुस्ती पुढच्या प्रत्येक व्होल्टेजमध्ये मिसळतो. पाच व्हॉइस, प्रत्येकी दोन ऑसिलेटर, आणि तापमान बदललं की सगळे सुराला हलणारे. वाजवायला बसायच्या आधी दहाच्या दहा हाताने कोण जुळवणार? बहुतेक नॉबही फिल्टरला (आवाजाचा पोत बदलणाऱ्या सर्किटला) थेट जोडलेले नाहीत. प्रोसेसर नॉबची जागा वाचतो, तिचा आकडा करतो आणि त्यावरून व्होल्टेज पाठवतो. ज्याला लोक ‘हाताला जाणवणारं अ‍ॅनालॉग’ म्हणतात, ते आधी झेड-८०च्या हातातून गेलेलं असतं.

आवाजाशी संबंध नाही म्हणणाऱ्यांनी १९८२चा प्रॉफेट-६०० बघावा. ऑसिलेटर, फिल्टर अ‍ॅनालॉगच, पण एन्व्हलप (सूर कसा उमटतो आणि विरतो ते ठरवणारा भाग) आणि एलएफओ (आवाज संथपणे हलवणारी लहर) चक्क सॉफ्टवेअरमध्ये. मूळ झेड-८०ला ते झेपेना, त्यामुळे एन्व्हलप सुस्त. पुढे हौशी मंडळींनी झेड-८० काढून त्या जागी टीन्सी हा छोटा बोर्ड नव्या फर्मवेअरसह (आतल्या सॉफ्टवेअरसह) बसवला. बाकी सर्किट तेच, आणि एन्व्हलप एकदम चपळ! नोटेचा ठोसा बदलला, तर आवाज बदलला नाही म्हणायचं का?

राहिला बदनाम डीएक्स-७. त्यातला हिताचीचा प्रोसेसर पट्ट्या आणि पॅनल सांभाळतो. साइन लहरी आणि त्यांच्या पातळीचे एन्व्हलप तयार होतात यामाहाच्या खास चिप्समध्ये. म्हणजे या एन्व्हलपच्या बाबतीत डीएक्स-७चा प्रोसेसर निवांत, आणि राबतो तो ‘शुद्ध अ‍ॅनालॉग’ प्रॉफेट-६००चा.