उभा पेला, आडवी बाटली

सिएटलजवळच्या रेडमंडमधल्या आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर एक टॅपहाऊस आहे. एरवी तिथे भिंतीवरच्या तोट्यांतून बिअर ओततात, पण ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी त्यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या वाइन चाखायची संध्याकाळ ठेवली होती. आम्ही पाच जण गेलो, सगळे मराठी. दारात प्रत्येकाचं ओळखपत्र पाहिलं, पन्नाशी उलटलेल्या आणि केस पांढरे झालेल्या आमच्या मित्राचंही.

लाकडी पट्टीवर चार छोटे पेले आले, प्रत्येकात ६० मिली. रीसलिंग, शार्दोने, मर्लो, सिरा. रीसलिंग मला फार आवडली. हिरव्या सफरचंदाचा आंबटपणा आणि मागून येणारा हलका गोडवा. ही द्राक्षं कॅस्केड डोंगरांच्या पलीकडची, याकिमा आणि कोलंबिया खोऱ्यांतली. ढग अलीकडे सिएटलवर रिकामे होतात, पलीकडे वर्षाला जेमतेम २० सेंटिमीटर पाऊस पडतो आणि बागा नदीच्या पाण्यावर जगतात. आमच्यातली एक मैत्रीण निफाडची, द्राक्षबागायतदाराची मुलगी. ती म्हणाली, "इथली वेल थंडीत झोपते गं. आमच्याकडे तिला झोपच नाही. एप्रिलात काड्यांसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरात फळांसाठी गोडी छाटणी, आणि तोडा जानेवारी-फेब्रुवारीत." इथला तोडा नुकताच, सप्टेंबर-ऑक्टोबरात, होऊन गेला होता. एकाच झाडाची ही दोन वेळापत्रकं ऐकताना मी पेला खाली ठेवून दिला होता.

नाशिकचा विषय निघाला आणि मग २०२२ चा तो वाद टेबलावर आलाच. २७ जानेवारी २०२२ ला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटांत वाइन विकायला मंजुरी दिली होती. एका बाजूने 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असं सांगण्यात आलं, दुसऱ्या बाजूने 'महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र करता का' असं विचारलं गेलं, आणि अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय कागदावरच राहिला. वाद मात्र अजून कुठल्याही मराठी घोळक्यात पाच मिनिटांत पेटतो, हे मी सिएटलजवळ बसून अनुभवते आहे.

पांढऱ्या केसांच्या मित्राचं मत ठाम होतं. "इथे बघ, दुधाच्या कपाटाशेजारी वाइन असते. कोण बिघडलं? आपल्याकडचे लोक अजून मागासलेले."

हे वाक्य मी परदेशातल्या मराठी माणसांकडून इतक्यांदा ऐकलं आहे की आता मला गप्प बसवत नाही.

आधी 'वाइन म्हणजे दारू नव्हे' याबद्दल. अमेरिकेत मद्याचं एक प्रमाण माप धरतात, १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ते साधारण १५० मिली वाइनमध्ये असतं, ३५५ मिली बिअरमध्ये असतं आणि ४४ मिली व्हिस्कीत असतं. यकृताला बाटलीवरची चिठ्ठी वाचता येत नाही. आमच्या चार छोट्या पेल्यांत मिळून २४० मिली वाइन होती, म्हणजे दीड मापाहून थोडी जास्त. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सरकारचे आरोग्यविषयक मुख्य डॉक्टर, विवेक मूर्ती यांनी मद्य आणि किमान सात प्रकारच्या कर्करोगांचा संबंध सांगणारा इशारा प्रसिद्ध केला, त्यात वाइनला सूट नव्हती. मी वाइन आवडीने पिते आणि तिला दारूच म्हणते. आपल्याकडे तर शब्दाचा घोळ आणखी जुना आहे. ज्या दुकानावर 'वाइन्स' अशी पाटी असते तिथे लोक रम आणि व्हिस्कीची क्वार्टर घ्यायलाच जातात.

आता 'कोण बिघडलं' हा प्रश्न. या देशात दारू पिऊन चालवलेल्या गाड्यांच्या अपघातांत दरवर्षी दहा हजारांहून जास्त माणसं मरतात. म्हणजे बिघडतं, आणि ते इथे उघड मोजलं जातं.

पण वॉशिंग्टनचीच एक गोष्ट महाराष्ट्राने ऐकावी अशी आहे. वाइन आणि बिअर किराणा दुकानांत होतीच, व्हिस्की-व्होडका मात्र फक्त सरकारी देखरेखीखालच्या दुकानांत मिळत असे. नोव्हेंबर २०११ मध्ये त्यावर मतदान झालं, लोकांनी कौल दिला आणि १ जून २०१२ पासून मोठ्या दुकानांना ती विकायची मुभा मिळाली. मोठी म्हणजे, काही अपवाद सोडले तर, दहा हजार चौरस फुटांची. आपल्या मसुद्यातला आकडा याच्या एक दशांश होता. तरीही कडक मद्य विकणारी ठिकाणं सुमारे ३३० वरून १४०० च्या वर गेली. विरोधकांची भीती पोकळ नव्हती. मुभेबरोबर जबाबदारीही होती, हे या गोष्टीचं दुसरं अंग. गल्ल्यावरच्या माणसाने एकवीसच्या आतल्या कोणाला बाटली विकली तर दंड होतो, आणि ते तपासायला राज्याचं मद्य मंडळ स्वतः एकवीसच्या आतल्या मुलांना गिऱ्हाईक म्हणून पाठवून पाहतं. २०२२ च्या ज्या चर्चा मी इथे रात्री जागून ऐकल्या, त्यांत बाटलीबद्दल तासन्‌तास बोललं गेलं. ती विकणाऱ्या माणसाबद्दल मी एक वाक्य ऐकलं नाही.

हे बोलणं चालू असतानाच शेजारच्या टेबलावर एकाने आणखी एक पेला मागितला. त्याचा आवाज चढला होता. वाढणारी मुलगी पंचविशीची असेल. तिने पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि शांतपणे सांगितलं, आज आणखी नाही. तो कुरकुरला. त्याच्या मित्राने गाडीची किल्ली आपल्याकडे घेतली आणि विषय तिथेच संपला. ती आमच्याकडे आली तेव्हा मी विचारलं, भीती नाही वाटत? ती म्हणाली, मद्य वाढण्याचा परवाना माझ्या नावावर आहे, त्यासाठी प्रशिक्षण घेतलंय, दर पाच वर्षांनी ते पुन्हा घ्यावं लागतं. झिंगलेला दिसणाऱ्या माणसाला ओतलं तर दंड मला होईल आणि दुकानाचा परवानाही अडचणीत येईल.

महाराष्ट्रातही परवाना असतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार तो पिणाऱ्याने काढायचा असतो. माझ्या ओळखीतल्या एकाही माणसाने तो कधी दाखवलेला मला आठवत नाही. गाडी चालवण्याबाबत तर आपला कायदा अमेरिकेहून कडक आहे. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम अल्कोहोल ही आपली मर्यादा, वॉशिंग्टनमध्ये ८०. कागदावर आपण पुढे आहोत. प्रश्न इतकाच की शुक्रवारी रात्री दहा वाजता त्या कागदाच्या बाजूने कोण उभं राहतं. इथे ती पंचविशीची मुलगी उभी होती.

मला हे इतकं लागतं त्याला कारण माझी मावशी. तिच्या गावात देशी दारूचं दुकान बंद करण्यासाठी बायकांचं मतदान झालं होतं. आपल्याकडे ही तरतूद आहे, 'दुकान बंद' या बाजूचं चिन्ह असलेल्या आडव्या बाटलीला बहुमत मिळालं की दुकानाला कुलूप लावता येतं. मावशी लुगडं नेसून, शेजारणींना हाका मारत शिक्का मारायला गेली होती. ती गोष्ट सांगताना आजही तिचा आवाज बदलतो. तिला मागासलेली म्हणणाऱ्याने तिच्या घरी पगाराच्या दिवशीची रात्र काढायला हवी होती. तिने पाहिलेल्या बाटलीला माप नव्हतं, 'आता बस' म्हणणारं कोणी नव्हतं, आणि घरी परतणारा माणूस काय करेल याची जबाबदारी एकट्या तिच्यावर होती.

आणि मी तिचीच भाची, पेला समोर ठेवून उघड्या खिडकीजवळ बसले होते. रस्त्यावरून जाणारे मला पाहत होते, मी त्यांना. पुण्यात नोकरी करताना परमिट रूमच्या काळ्या काचांआड बसायची माझी कधी हिंमत झाली नाही, आणि त्या अंधारात बसण्यासारखं काही होतंही असं नाही. मावशीचा शिक्का आणि माझा पेला यांत विरोध आहे असं मला आता वाटत नाही. आम्हा दोघींना दारूभोवती उजेड हवा आहे. सुपरमार्केटात वाइन ठेवायची तर ठेवा, पण आधी विकणाऱ्याच्या नावावर परवाना करा, चूक झाली तर त्याला जाब विचारा, आणि आडव्या बाटलीचा हक्क त्या कपाटालाही लावा. माझी मागणी एवढीच आहे.

'शेतकऱ्यांचं भलं' हा मुद्दा मी निफाडच्या मैत्रिणीवर सोडला. रात्रीचे नऊ वाजले होते, म्हणजे तिच्या घरी शनिवारचे सकाळचे साडेनऊ. तिने फोन लावला. "नाना, वाइन सुपरमार्केटात विकली तर आपल्याला फायदा होईल का हो?" नाना बागेतच होते. म्हणाले, वाइनची द्राक्षं आपण २००९ नंतरच काढून टाकली बाई, करार केलेल्यांनी माल उचलला नाही तेव्हा. आता सगळी खायचीच द्राक्षं. मग त्यांनी विचारलं, तिकडे पाऊस आहे का? इकडे छाटणी झाली आणि आभाळ आलंय, डाऊनी रोग येईल अशी भीती आहे.

ती त्यांना फवारणीबद्दल विचारत बाहेर गेली. आम्ही तिच्या पेल्यात उरलेली सिरा तशीच ठेवली, हिशेब चुकता केला आणि चालत घरी निघालो.