सॅम क्रॉफर्ड कोणाची सावली नव्हता

सॅम क्रॉफर्ड या जुन्या बेसबॉलपटूविषयी एक मत वारंवार मांडले जाते: डेट्रॉइट टायगर्सचा हा आउटफिल्डर (मैदानाच्या बाहेरच्या भागातला क्षेत्ररक्षक) संघसहकारी टाय कॉबमुळे मोठा झाला, त्याचे ३०९ ट्रिपल, म्हणजे एका फटक्यावर थेट तिसऱ्या बेसपर्यंत धावणे, ही अवाढव्य मैदानांची कृपा होती, कॉबचे वैर त्याला अखेरपर्यंत नडले आणि १९१७ नंतर तो खेळातून नाहीसाच झाला. या मतातला प्रत्येक भाग मला अन्यायकारक वाटतो.

अठरा वर्षांचा कॉब १९०५च्या ऑगस्टअखेर डेट्रॉइटला आला. त्याआधीच, १९०१ मध्ये, सिनसिनाटीकडून खेळताना क्रॉफर्डने १६ होमरन मारून नॅशनल लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला होता आणि १९०३ मध्ये डेट्रॉइटकडून २५ ट्रिपल मारून तो अमेरिकन लीगमध्येही अव्वल ठरला होता. मग सावली कोणाची?

मैदाने मोठी होती आणि चेंडू फारसा उसळत नव्हता, हे खरेच आहे. ट्रिपलची संधी त्यामुळे अधिक मिळे. परंतु ती संधी त्या काळच्या प्रत्येक फलंदाजाला होती. डेट्रॉइटच्या त्याच घरच्या मैदानावर वर्षानुवर्षे खेळलेला, क्रॉफर्डपेक्षा कितीतरी चपळ असलेला कॉब २९५ वर थांबला, तर त्याच काळातला दुसरा नामवंत फलंदाज होनस वॅग्नर २५२ वर. शिवाय १९१४ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, क्रॉफर्डने २६ ट्रिपल मारले, आणि या वयात एवढ्या वेळा तिसरा बेस गाठणे केवळ मैदानाच्या लांबीरुंदीने साधत नाही.

वैराचा मुद्दा मात्र निराधार नाही, कारण दोघांचे संबंध खरोखरच कडवट होते. तरीही क्रॉफर्डला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च सन्मानितांच्या यादीत, घ्यावे म्हणून कॉब वजनदार लोकांना पत्रे लिहीत राहिला. १९५७ मध्ये क्रॉफर्डची निवड झाली. त्या पत्रांचा पत्ता मात्र त्याला १९६१ मध्ये कॉब गेल्यानंतरच लागला, असे सांगतात. मला हा या कहाणीतला सर्वांत हृद्य भाग वाटतो.

राहिला नाहीसे होण्याचा आरोप. टायगर्स सोडल्यावर तो लॉस एंजेलिसच्या संघाकडून पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये १९२१ पर्यंत खेळला, १९२४ ते १९२९ या काळात सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघाचा प्रशिक्षक होता, आणि पुढे त्याच लीगमध्ये त्याने पंचगिरीही केली.