झडपेतला चुना लिंबानं धुतला जात नाही

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला : नातेवाइकांच्या, शाळेच्या, गल्लीच्या आणि भजनी मंडळाच्या. त्यात म्हटलंय की हृदयाच्या झडपेत चुना बसतो तो बोअरचं खारं पाणी आणि दूध यांच्यामुळे. लिंबू, आलं, लसूण आणि सफरचंदाचं व्हिनेगर उकळून, मध घालून रोज अनशापोटी घेतलं की तीन महिन्यांत तो विरघळतो. ईसीजी चांगला असेल तर इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, नादी लागू नका. आणि सत्तरीनंतर झडप बदलणं म्हणजे टेबलावरच जीव घालवणं. खाली जोडलेले हात आणि ‘पुढे पाठवा, पुण्य मिळेल’.

मी अमळनेरला शाळेत विज्ञान शिकवते. माझे नाना, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, पारोळ्याकडे कापूस-मका करतात. वय चौऱ्याहत्तर. त्यांनी हा काढा पाच महिने घेतला. म्हणून मला याचं उत्तर द्यायचंच आहे.

आधी पाण्याचं. आपल्याकडे बोअरच्या पाण्यानं हीटरच्या कॉइलवर दोन-तीन महिन्यांत पांढरं कवच चढतं, त्यामुळे हा दावा चटकन पटतो. पण प्यायलेल्या पाण्यातला कॅल्शियम रक्तात गेला तरी तिथं त्याचं प्रमाण हाडं, मूत्रपिंडं आणि गळ्यातल्या ग्रंथी मिळून घट्ट धरून ठेवतात. झडपेत, म्हणजे हृदयातून अंगभर रक्त सोडणाऱ्या महाधमनीच्या झडपेत, जे होतं ते साचणं नाही, ती शरीराचीच चुकीची घडण आहे. वर्षानुवर्षं रक्ताच्या माऱ्यानं झडपेच्या पापुद्र्याला इजा होते, सूज येते आणि तिथल्या पेशी हाड बनवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात. शस्त्रक्रियेत काढलेल्या काही झडपांमध्ये खरोखरचं हाड सापडलेलं आहे. वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, विडी-सिगारेट, मूत्रपिंडाचा आजार हे सगळं त्याला हातभार लावतं. शंभरात एखाद-दुसऱ्याला जन्मतःच तीनऐवजी दोन पापुद्र्यांची झडप असते, ती लवकर कडक होते. लहानपणी घसा सुजून नंतर सांधेदुखीचा ताप आलेला असेल तर त्यानंही झडप खराब होते. दुधाचा यात दोष नाही. मोठ्या आईनं नानांचं दूध-दही बंद केलं, त्यानं फक्त त्यांच्या हाडांचं नुकसान झालं असेल.

आता काढा. हा प्रयोग मी आठवीच्या वर्गात दरवर्षी करते. कॉइलवरचा थर खरवडून वाटीत घ्यायचा, वर लिंबू पिळायचं. बुडबुडे येतात, थर विरघळतो. मुलांना फार आवडतं. पण तो थर कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. झडपेतला असतो कॅल्शियम फॉस्फेट, हाडातला असतो तोच. कुणी म्हणेल, हाडही व्हिनेगरमध्ये काही दिवस बुडवून ठेवलं तर मऊ पडतं की. पडतं, खरं आहे. पण झडप व्हिनेगरमध्ये बुडालेली नाही, रक्तात आहे. तुम्ही प्यायलेलं लिंबू पोटात जातं आणि तिथलं आम्ल लिंबापेक्षा कितीतरी कडक असतं. पुढे रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ यांच्या बाहेर फुप्फुसं आणि मूत्रपिंडं जाऊ देत नाहीत. तो ७ च्याही खाली गेला तर माणूस अतिदक्षता विभागात असतो. म्हणजे रक्त इतकं आंबट व्हावं की झडपेतलं हाड विरघळेल, त्याच्या कितीतरी आधी माणूस गेलेला असेल. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी तरी हा आजार रोखता येईल का, हे मोठ्या चाचण्यांत तपासून झालं आहे. नाही रोखता आला. आजच्या घडीला कडक झालेली झडप कोणत्याही औषधानं पुन्हा मऊ होत नाही. आणखी एक : धातूची झडप बसवलेले लोक रक्त पातळ करणारी गोळी आयुष्यभर घेतात. त्यांनी डॉक्टरांना न विचारता रोज भरपूर लसूण-आल्याचा काढा घेतला तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य मात्र ईसीजीचं आहे. ईसीजी हृदयातल्या विजेचा आलेख काढतो. झडप किती उघडते हे त्यात दिसत नाही. झडप गंभीर आकुंचलेली असतानाही ईसीजीवरून ते कळेलच असं नाही. अँजिओग्राफी चांगली आली तरी तेच, कारण तिथं रक्तवाहिन्या बघतात. पहिला सुगावा लागतो स्टेथोस्कोपनं, छातीच्या उजव्या बाजूला वर येणारी खरखर मानेपर्यंत ऐकू येते. मग टू-डी इको. त्यात सुई नाही, कापाकापी नाही. छातीवर जेल लावून यंत्र फिरवतात, साधारण अर्धा तास. निरोगी झडप ३ ते ४ चौरस सेंटिमीटर उघडते. १ च्या खाली आली, किंवा तिच्यातून जाणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला ४ मीटरच्या वर गेला, की आजार गंभीर. नानांची ०.७ होती.

आणि आपल्या खान्देशात हा आजार लपायला मे महिना आहे. नाना दुपारी बांधावर चक्कर येऊन पडले. घरात सगळे म्हणाले, ऊन लागलं. पारा चव्वेचाळीसला, दुसरं काय वाटणार? मोठ्या आईनं कांदा हुंगायला दिला, पन्हं पाजलं. त्याआधी दिवाळीपासून त्यांना मळ्यातून घरी येताना दोनदा थांबावं लागत होतं. विचारलं की म्हणायचे, “काही नही व्हयनं माले, वय व्हयनं आते.” झडप अरुंद असली की उन्हात घाम जाऊन, रक्तवाहिन्या सैल पडून चक्कर यायची शक्यता आणखी वाढते, कारण हृदयाला जास्तीचं रक्त बाहेर टाकताच येत नाही. म्हणजे ऊन कारण असेलही, पण एकटं नसेल. चालताना दम, छातीत दाब, चक्कर, या तिन्हींपैकी एक जरी असेल तर इको करा. धुळे-जळगावला होते.

घाई का, तेही सांगते. लक्षणं नसताना हा आजार बरीच वर्षं गुपचूप राहतो. गंभीर झडपेची लक्षणं सुरू झाली आणि ती बदलली नाही, तर जवळपास निम्मे रुग्ण दोन वर्षांत दगावतात. त्यातले पाच महिने नानांनी काढ्याला दिले.

राहिलं वय. छाती न उघडता मांडीच्या रक्तवाहिनीतून नवी झडप नेऊन बसवायची पद्धत डॉ. अलँ क्रिबिए यांनी फ्रान्समध्ये २००२ साली पहिल्यांदा केली, तीच मुळात अशा रुग्णांसाठी ज्यांना मोठं ऑपरेशन झेपणार नव्हतं. आज सत्तरी-ऐंशीतल्या लोकांना ती नेहमी केली जाते. महाग आहे, आणि धोका अजिबात नाही असंही नाही : अर्धांगवायू, रक्तस्राव, काहींना पेसमेकर. हे डॉक्टरांकडून स्पष्ट विचारून घ्या. उघडी शस्त्रक्रियाही अनेक वृद्धांना व्यवस्थित झेपते, नानांची तीच झाली. झडप धातूची की प्राण्याच्या ऊतीची, हेही आधी ठरवावं लागतं. ऊतीची साधारण दहा-पंधरा वर्षं टिकते, पण रक्त पातळ करणारी गोळी सहसा जन्मभर लागत नाही. ती गाय किंवा डुकराच्या ऊतीपासून बनते. नाना माळकरी, त्यांना हे आधी सांगणं आम्हाला भाग होतं. ते रात्रभर गप्प बसले आणि सकाळी हो म्हणाले.

पैशांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत झडप बदलण्याची शस्त्रक्रिया बसते. रुग्णालय योजनेत आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. रेशनकार्ड, आधार आणि इकोचा रिपोर्ट बरोबर न्या. आम्ही रेशनकार्ड घरी ठेवून नाशिकला गेलो होतो, भावाला त्यासाठी रातोरात परत यावं लागलं.